आवक क्रमांक २१२

काल रात्री साडेअकरा वाजता माझ्याच वेबसाईटनं मला माणूस मानायला नकार दिला. मी अर्धा किलो कांदा-लसूण मसाला मागवून बघत होते. माझाच. ज्याच्या मिरच्यांचे देठ काढून माझी बोटं दोन दिवस भगभगत होती, तोच. 'झेब्रा क्रॉसिंग असलेले सर्व चौकोन निवडा.' निवडले. 'पुन्हा प्रयत्न करा.' केला. असं चार वेळा. सांगलीत राहणाऱ्या बाईला झेब्रा क्रॉसिंग ओळखायला सांगणं हाच मुळात अन्याय आहे. आमच्याकडे मंत्री यायचे असले की ते पट्टे उमटतात आणि पहिल्या पावसात वाहून जातात. पाचव्यांदा तर अमेरिकेतल्या फुटपाथवरचे ते लाल, ठेंगू आगीचे नळ शोधायला सांगितले. मी लॅपटॉप मिटला.

हा उद्योग मी केला मिरजेच्या एका काकूंमुळे. त्यांचा संध्याकाळी फोन आला होता. "अगं, तुझी वेबसाईट मला विचारतेय, मी यंत्र आहे का म्हणून. दोन्ही गुडघे बदललेत माझे, तेवढ्यावरून म्हणत असेल तर माहीत नाही."

आता हे कोडं मी हौसेनं घातलेलं नाही. वेबसाईटवर 'आमच्याशी संपर्क साधा' असा एक फॉर्म आहे. वर्षभरात त्यातून आलेल्या खऱ्या चौकशा मी बोटांवर मोजून सांगेन. बाकी सगळी मंडळी माझं भलं करायला आलेली. कुणाला मला गूगलच्या पहिल्या पानावर न्यायचंय, कुणाला माझ्या डोमेनची मुदत संपत आल्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी, कुणी तीन लाख ईमेल पत्त्यांची यादी स्वस्तात देतोय (त्या यादीत मीही असणारच). म्हणून वेबसाईट करून देणारा पोरगा म्हणाला, "ताई, कॅप्चा टाकू." टाकला. स्पॅम थांबला नाही, काकू थांबल्या. नंतर वाचनात आलं की २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी माणसांना ही कोडी सोडवायला लावली आणि बॉटच्या, म्हणजे माणसाचं सोंग घेऊन आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आधीच नोंदवलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर बॉट माणसांपेक्षा लवकर सोडवतात आणि चुकतातही कमी. म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार चोरांना सलाम ठोकतोय आणि गिऱ्हाइकाला आधार कार्ड मागतोय.

पण खरी कथा आप्पांची आहे.

आप्पा म्हणजे माझे सासरे. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीची पहिली काही वर्षं बारनिशीत काढलेली. येईल तो कागद नोंदवायचा, क्रमांक द्यायचा, पोच द्यायची. माणूस निवृत्त झाला, बारनिशी झाली नाही. मी दुपारी डंकावर मिरची कुटायला जाते तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर ते बसतात. "नुसतं बघा हो, कुणाची ऑर्डर आली तर मला फोन करा," एवढंच मी सांगितलं होतं.

परवा तीनच्या सुमाराला मी डंकावरून परतले. नखशिखांत लाल, शिंकांनी बेजार. आप्पांसमोर लांबलचक वही उघडी. सुरेख आखलेले रकाने.

"एमिलीबाईंचं तिसरं स्मरणपत्र आलंय," आप्पा म्हणाले.

"कोण एमिली?"

"आवक क्रमांक १९७, २०४ आणि आजचं २१२."

मी वही ओढून घेतली. आवक क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, केलेली कार्यवाही. दोन महिन्यांत आलेला एकूण एक स्पॅम तिथं ठेवणीतल्या अक्षरात, निळ्या शाईत नांदत होता. 'श्री. डेव्हिड, विषय: आपल्या संकेतस्थळावरील दोष. कार्यवाही: प्रलंबित.' 'श्रीमती ऑलिव्हिया, विषय: व्यवसायास कर्ज, विनातारण. कार्यवाही: कागदपत्रांची पूर्तता करणेबाबत कळविले.'

"कळविले? आप्पा, तुम्ही उत्तर पाठवलंत?"

"पत्राला पोच नको?"

"अहो, तो स्पॅम आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीही, कुणालाही, न विचारता पाठवलेलं पत्र."

"निनावी अर्ज?"

"तसंच समजा."

"निनावी अर्जाची दखल घ्यायची नसते, दफ्तरी दाखल करायचा असतो, हे मला तू नको शिकवूस. पण इथं खाली नाव आहे, हुद्दा आहे. सीनियर ग्रोथ कन्सल्टंट. अर्जदार ज्ञात आहे." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि ही बाई लिहिते, मी तुमची वेबसाईट पाहिली, मला फार आवडली. तुझ्या नवऱ्यानं पाहिलीय का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवऱ्यानं खरंच पाहिलेली नाही.

एमिलीला गेलेलं उत्तर मी 'पाठवलेले'मध्ये जाऊन वाचलं. 'महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपली पत्रे प्राप्त झाली. आपण संकेतस्थळामध्ये काही त्रुटी असल्याचे नमूद केले आहे. तथापि सदर त्रुटींची यादी पत्रासोबत जोडलेली दिसून येत नाही. तरी सदर यादी सात दिवसांचे आत सादर करावी, अन्यथा आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून प्रकरण निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'

खोटं कशाला बोलू, उत्तर मला आवडलं. त्रुटी आहेत म्हणायचं आणि कुठल्या ते सांगायचंच नाही, ही एमिली मंडळींची मूळ खोड आप्पांनी पहिल्या वाचनात पकडली होती. पण अशा पत्राला एक ओळ जरी उत्तर दिलं, तरी समोरच्याला एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे, इथं कुणीतरी बसलेलं आहे. मग तो पत्ता हातोहात पुढे जातो. आठवड्याभरात आवक दुप्पट झाली. आप्पा खूश. "व्याप वाढलाय," म्हणाले.

मी त्यांना जीमेलचं स्पॅमचं खातं उघडून दाखवलं. म्हटलं, असली पत्रं इथं टाकायची, तीस दिवसांत आपोआप पुसली जातात. आप्पांचा चेहरा पडला.

"तीस दिवसांत नष्ट? अगं, 'ड' वर्गाचे कागदसुद्धा आम्ही वर्षभर सांभाळायचो!"

या रोगाचं मूळ फार जुनं आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या गॅरी थर्क नावाच्या गृहस्थांनी आपल्या कंपनीचे कॉम्प्युटर खपवायला चारशेच्या आसपास लोकांना एकच निरोप धाडला. लोक भडकले, वर कानउघाडणी झाली. पण काही यंत्रं खपली म्हणतात, आणि घोळ तिथंच झाला. पुढे २००४मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे याहून जुनी प्रकरणं होती."

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं. त्रास देण्यासाठी किंवा पत्र कुणाकडून आलंय याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख त्यात होता. ते वापरलं कुणावर, तर २०१२ साली फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या आणि त्या लाईक करणाऱ्या पालघरच्या दोन मुलींवर. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं, आणि बरंच केलं. पण तेवढ्या वर्षांत एमिलीच्या केसाला कुणी धक्का लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मोठ्या कंपन्यांनी म्हणे कडक नियम केलेत. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना ओळख पटवणं आणि 'नको'चं बटण एका टिचकीवर देणं सक्तीचं केलं. याची सगळ्यात जास्त झळ कुणाला बसली? मला. मी दिवाळीच्या आधी दीडशे गिऱ्हाइकांना चिवडा-चकलीचे भाव प्रेमानं कळवले, तर ते बहुतेकांच्या स्पॅममध्ये गेले. माझ्या डोमेनची कुठली तरी नोंद म्हणे अर्धवट होती. एमिली मात्र साध्या जीमेलच्या पत्त्यावरून, एकेकाला, हातानं लिहिल्यासारखं लिहिते. ती थेट दिवाणखान्यात.

आणि आता जे सांगते त्यात गंमत शोधू नका. पुण्यातल्या एका बाईंनी ऑफिसात वाटायला भाजणीचे ८० डबे मागवले होते. सविस्तर, सभ्य ईमेल, खाली फोन नंबर. तो माझ्या स्पॅममध्ये पडला. मला सापडला भाऊबीज होऊन दोन दिवस झाल्यावर, पुसला जायला तीन दिवस उरले असताना. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून काहीच उत्तर नाही, मग दुसरीकडून घेतले." ऐंशी डबे. त्या आठवड्यात एमिलीला मात्र दोन वेळा पोच गेली होती.

वेबसाईटवाल्या त्या पोराला मी विचारलं, वेबसाईटवर येणाऱ्या माणसाला जरा बरं वाटेल असं काही करता येईल का? आमच्या दुकानात कुणी पायरी चढलं की आधी पाणी, मग चिमूटभर मेतकूट तळहातावर, मग काय हवं ते विचारणं. त्यानं स्वागत केलं ते असं: पान उघडलं की कुकीज चालतील का, मग नोटिफिकेशन पाठवू का, मग दहा टक्के सूट देणारं गरगरणारं चाक, मग कोपऱ्यातून 'हाय, मी रिया!' ही रिया कोण, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. एवढ्यातून जो वाचेल त्यानं झेब्रा क्रॉसिंग शोधायचं. दुकानात मी असं वागले असते तर लोकांनी नवऱ्याला गाठून विचारलं असतं, वहिनी बऱ्या आहेत ना?

आज सकाळी ते सगळं काढून टाकायला लावलं. रिया गेली, चाक गेलं. कोड्याऐवजी फॉर्ममध्ये एक अदृश्य रकाना घातलाय. माणसाला तो दिसत नाही, बॉटला दिसतो आणि तो इमानेइतबारे भरतो, की पकडला. त्याला हनीपॉट म्हणतात म्हणे. बॉटला लावलेलं मधाचं बोटच ते. आप्पांना हे मुळीच पटलं नाही. "रकाना आहे म्हटल्यावर भरायलाच हवा. लागू नसेल तर 'निरंक' लिहावं." हा रकाना आप्पांना कधीही दिसू नये एवढीच माझी प्रार्थना आहे.

दुपारी मिरजेच्या काकूंचा पुन्हा फोन आला. आता वेबसाईटच्या वाटेला जायची त्यांची तयारी नव्हती. आप्पांनी फोन घेतला, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. अर्धा किलो चटणी, पाव किलो मेतकूट, पत्ता, पिनकोड.

"कधी मिळेल?" काकूंचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता.

"आपला आवक क्रमांक २१३," आप्पा म्हणाले. "क्रमानं घेऊ. एमिलीबाईंची मुदत शुक्रवारी संपते."