फायनल इयरचा गेम बुडवायची खात्रीशीर रीत

फायनल इयरच्या प्रोजेक्टला कॉम्प्युटर गेम करायचाय, ग्रुपमध्ये चार जण, गाइडनं 'काहीतरी वेगळं करा' एवढंच सांगितलंय आणि लीडर म्हणून तुमचं नाव पडलंय? अभिनंदन! सगळ्यात आधी स्टुडिओचं नाव ठरवा, मग लोगो. लोगोवरच्या वादात दोन आठवडे सहज निघतात आणि तोवर कुणी कोड मागत नाही.

गेम ठरवताना हात आखडता घेऊ नका. सह्याद्रीतलं ओपन वर्ल्ड, बदलते ऋतू, घोडे, ऑनलाइन शंभर खेळाडू. 'एक माणूस, एक उडी, पाच लेव्हल' असं म्हणणाऱ्याला व्हिजन नाही. राखाडी ठोकळे मांडून उडी मारायला मजा येते का, हे दोन दिवसांत कळतं, म्हणूनच ते टाळायचं. सप्टेंबरात कळलं तर गेम बदलावा लागेल. मार्चमध्ये कळलं तर निदान ती कटकट नाही.

काम वाटताना मोघम बोला. 'तू ग्राफिक्स बघ.' 'शनिवारपर्यंत शत्रूच्या चालीच्या आठ फ्रेम, 64 बाय 64 पिक्सेल, पारदर्शक पीएनजी' असं लिहून दिलं, तर मुलगा खरंच करून आणेल.

आता युनिटीतली, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधली, खरी मेख. अख्खा गेम एकाच सीनमध्ये (गेममधली एक जागा, तिच्यातल्या सगळ्या वस्तूंसकट) ठेवा. सीनची फाइल म्हणजे आतून हजारो ओळींचा मजकूर. एकाच संध्याकाळी दोघांनी त्यात हात घातला, की दोघांचे बदल एकत्र म्हणजे मर्ज करताना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) बहुधा कॉन्फ्लिक्ट दाखवतं: कुणाचा बदल ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. मग कुणीतरी घाईत अर्धवट सोडवतो आणि सीन उघडेनासा होतो. शत्रू, दरवाजे, मेनू यांचे वेगळे प्रीफॅब (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार साचे) केले, लेव्हलमागे एक सीन ठेवला आणि 'आज हा सीन माझ्याकडे' एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, तर ही मजा हुकते.

लायब्ररी फोल्डर गिटमध्ये आवर्जून टाका. युनिटी तो प्रत्येकाच्या मशीनवर आपला आपण बनवते, पण तो भरतो भरपूर, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. गिटचं काम ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब 100 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, तेव्हा पुश (अपलोड) अडेल. फाइल डिलीट करून नवा कमिट (बदलांची नोंद) केलात तरी अडेल, कारण जुन्या कमिटमध्ये ती ठाण मांडून असते. युनिटी प्रत्येक फाइलसोबत बनवते त्या मेटा फाइली मात्र कचरा समजून वगळा. प्रत्येक चित्राची, स्क्रिप्टची ओळख त्यांतच असते. त्या नसल्या की दुसऱ्याच्या मशीनवर युनिटी नवी ओळख देते आणि नायकाच्या जागी इन्स्पेक्टरमध्ये (वस्तूची माहिती दाखवणाऱ्या खिडकीत) 'मिसिंग स्क्रिप्ट' उरते. यावर 'गिटच बेकार' असा ठराव करून पेनड्राइव्हवर या. फाइलचं नाव 'फायनल_खरंच_फायनल'.

नायकाचा वेग डेल्टाटाइमनं (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळानं) गुणू नका. सेकंदाला 144 फ्रेम देणाऱ्या लॅपटॉपवर तो सुसाट पळेल, लॅबच्या 30 फ्रेमवाल्या पीसीवर रांगेल. परीक्षा लॅबमध्येच असते.

बिल्ड, म्हणजे युनिटीशिवाय चालणारा तयार गेम? तो आदल्या रात्री. युनिटीच्या एडिटरमध्ये चालतोय ना! दर शुक्रवारी बिल्ड काढणाऱ्यांना एकेक दोष सुटासुटा भेटतो: एडिटरपुरता कोड भलत्या फोल्डरात राहिला म्हणून कंपाइल होत नाही, दुसरी लेव्हल बिल्डच्या यादीत टाकलेलीच नाही, लॅबच्या स्क्रीनवर 'स्टार्ट'चं बटण कडेबाहेर गेलंय. तुम्हाला हे सगळं रात्री दीड वाजता एकत्र भेटेल. त्यातून एक्स्टर्नल परीक्षकानं 'यातलं तुम्ही काय केलंत?' असं विचारलंच, तर लोगो दाखवा.