कटाची आमटी आणि चार दिवे

आमच्या नव्या गाडीला स्वतःचा ब्रेक स्वतः लावता येतो. आरशामागे कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. समोरच्यावर आपण आदळणार अशी शंका आली की आधी कोकलते, आपण ऐकलं नाही तर करकचून थांबते. टेम्पोमागचं ‘सुरक्षित अंतर ठेवा’ हे वाक्य उभ्या पुण्यात मनावर घेणारी ती एकटीच असावी. बाकीचे ते वाचता येईल इतक्या जवळ जातात.

धुळवडीला बहिणीकडे निघालो होतो. मागच्या सीटवर पुरणपोळ्या आणि स्टीलच्या डब्यात कटाची आमटी. वारज्याजवळ बायपासला साठच्या वेगात असताना डावीकडून एक टेम्पो इंडिकेटर न देता, तिरका, आमच्या पुढ्यात. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडीनेच तो दाबला. पट्ट्याने मला मागे खेचलं, डबा मात्र पुढे गेला. त्याला कुठला पट्टा! झाकण माझ्या सीटखाली आणि गूळ-गोडा मसाल्याचा वास थेट एसीतून.

एवढ्यावर थांबेल तर ती गाडी कसली. पन्नासच्या वर वेग असताना जोरात ब्रेक लागला की चारही इंडिकेटर आपोआप भराभर लुकलुकतात. मागच्याने सावध व्हावं म्हणून. कल्पना उत्तम. पण आपल्याकडे या दिव्यांचं नाव ‘पार्किंग लाइट’. एक्सप्रेस-वेच्या बोगद्यात शिरताना लावायचे, घाटात पाऊस आला की लावायचे, चौकात लावले तर ‘मी सरळ जाणार’. चारही चालू असताना माणूस डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कळायची सोय उरत नाही. तसं एरवीही कळत नाहीच म्हणा.

मागचा दुचाकीवाला शेजारी आला, हेल्मेटची काच वर केली. “काका, रस्त्यात मधेच पार्किंग? आणि तेही बायपासला?”

“मी नाही, गाडीने लावला ब्रेक.”

त्याने माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही चालवा.”

बहिणीकडे पोळ्या दुधाशी खाल्ल्या. गाडीत मात्र अजून पंचपक्वान्नांचा दरवळ आहे. सर्व्हिस सेंटरने तपासून लिहून दिलं, ‘यंत्रणा व्यवस्थित.’

ते मला मान्य आहे. टेम्पोच्या मागच्या फळीत आणि आमच्यात तेव्हा हातभर जागा राहिली होती, ती मी राखली नसती.

यंदा संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, कोरडा. काल पुन्हा आमटीचा बेत होता. हिने डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवटाळला आणि डॅशबोर्डकडे बघत मला म्हणाली,

“अहो, तिला सांगून ठेवा, आज आमटी आहे.”