राईनकाठच्या परक्या फौजा हिटलरने हाकलल्या?

‘व्हर्सायच्या तहानंतर जर्मन नेते चौदा वर्षं हात जोडून बसले. मग हिटलर आला, परक्या फौजा हाकलल्या, युद्धभरपाई बंद पाडली, सार प्रांत परत आणला.’ व्हॉट्सॲपवर हा मजकूर पुन्हा फिरतोय. (व्हर्साय म्हणजे पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर १९१९ मध्ये लादलेला तह.) नुसत्या तारखा लावून बघा.

हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ला. ऱ्हाइनलँडमधलं, म्हणजे राईनकाठच्या जर्मन प्रदेशातलं, शेवटचं फ्रेंच सैन्य माइन्झहून निघालं ३० जून १९३०ला, तहातल्या मुदतीच्या जवळपास पाच वर्षं आधी. १९३६ मध्ये हिटलरने तिथे सैन्य घुसवलं खरं, पण हाकलायला समोर होतं कोण?

ही माघार पदरात पाडून घेतली ती मुख्यतः परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह श्ट्रेझमान यांनी. १९२३ मध्ये फ्रेंच-बेल्जियन सैन्य जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागात घुसलं, तो अपमान खराच होता. पण १९२५ मध्ये लोकार्नोत श्ट्रेझमाननी फ्रान्स-बेल्जियमलगतची सीमा मान्य केली, म्हणजे अल्सेस-लॉरेनवर पाणी सोडलं, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीला राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) कौन्सिलवर कायमची जागा मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात थ्वारी नावाच्या फ्रेंच खेड्यातल्या खानावळीत ते फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियाँ यांच्याबरोबर जेवायला बसले. बोलणं रोखठोक: ऱ्हाइनलँड आणि सार लवकर सोडा, आम्ही भरपाईची मोठी रक्कम आगाऊ उभी करून देतो. फ्रँक तेव्हा गडगडलेला, म्हणून हा मोह. फ्रँक सावरला आणि बेत बारगळला. १९२९ मध्ये हेगला मात्र यंग योजनेच्या (भरपाईच्या नव्या, हलक्या हप्त्यांच्या) जोडीने माघारीची तारीख ठरलीच. ती बघायला श्ट्रेझमान उरले नाहीत. त्याच ऑक्टोबरात ते गेले.

भरपाई? ती संपली जुलै १९३२च्या लोझान परिषदेत, तेव्हा चॅन्सेलर होते पापेन. शेवटचे म्हणून ठरलेले तीन अब्ज मार्कही कधी दिले गेले नाहीत.

सारमध्ये पंधरा वर्षांनी सार्वमत घ्यायचं, हे व्हर्सायच्या तहातच लिहिलेलं होतं. जानेवारी १९३५ मध्ये ते झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतं जर्मनीला पडली. गादीवर कोणीही असता तरी मतदान व्हायचंच होतं.

आणि ‘हात जोडून’ म्हणाल तर पूर्वेकडे बघा. पोलंडलगतच्या सीमेची हमी श्ट्रेझमाननी शेवटपर्यंत दिली नाही; १९२५ पासून दोन्ही देशांत जकातयुद्ध पेटलेलं होतं. त्या बाबतीत तेही काही संत नव्हते, सीमा बदलायचीच होती त्यांना. याच पोलंडशी जानेवारी १९३४ मध्ये दहा वर्षांचा अनाक्रमण करार केला तो हिटलरने, आणि एप्रिल १९३९ मध्ये मोडला तोही त्यानेच.