ब्राउझर एका कंपनीचा, खाते दुसऱ्या कंपनीचे

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये गूगलच्या खात्याने साइन-इन करता यावे का, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही. आपले बुकमार्क, जतन केलेले पासवर्ड, घरचे पत्ते, कार्डांचे तपशील आणि वर्षानुवर्षांची हिस्ट्री ज्या एका खात्याशी बांधली जाते, ते खाते कोणी निवडायचे, ब्राउझर बनवणाऱ्याने की तो वापरणाऱ्याने, असा हा प्रश्न आहे. माझे मत असे की निवड वापरणाऱ्याची असावी आणि प्रतिस्पर्धी कंपनीचे खाते चालवून घेणे ही ब्राउझर कंपन्यांकडून किमान अपेक्षा आहे. मात्र असे बटण देताना त्यामागचे दोन वेगळे व्यवहार लोकांना एकच म्हणून दाखवले जाऊ नयेत, याबद्दल मी तितकीच आग्रही आहे.

पहिला व्यवहार ओळखीचा. एखाद्या सेवेत आपण ‘गूगलने साइन-इन करा’ हे बटण दाबतो, तेव्हा बहुधा ओपनआयडी कनेक्ट या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार काम चालते. आपण पासवर्ड गूगलच्या पानावर टाकतो, गूगल त्या सेवेला ‘ही व्यक्ती म्हणजे अमुक खातेधारक’ एवढी ग्वाही देते आणि सोबत साधारणपणे नाव, ईमेल पत्ता व छायाचित्र पाठवते. दुसरा व्यवहार साठवणुकीचा. सिंक, म्हणजे आपली सामग्री खात्यामार्फत सगळ्या यंत्रांवर सारखी ठेवण्याची सोय, सुरू केल्यावर पासवर्ड आणि बुकमार्क कोणाच्या सर्व्हरवर जातात, हे ग्वाही देणाऱ्या कंपनीवरून ठरत नाही. ते ब्राउझर चालवणारी कंपनी ठरवते. म्हणजे ओळख गूगलने पटवली, तरी सामग्री मायक्रोसॉफ्टकडे राहू शकते.

हा फरक किती सहज निसटतो, ते आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या कार्यालयात दिसले. आमच्या खजिनदारांकडे नवा लॅपटॉप आला होता आणि त्यासोबत आलेल्या ब्राउझरने साइन-इन मागितले. त्यांनी आपला जीमेलचा पत्ता टाकला, जीमेलचाच पासवर्ड टाकला आणि तो नाकारला गेला. “अगं, आज सकाळीच याच पासवर्डने मेल उघडली मी,” असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते खरेच होते. जुना संगणक घेतला तेव्हा त्यांच्या मुलीने त्याच जीमेल पत्त्यावर या ब्राउझरच्या कंपनीचे खाते उघडून त्याला वेगळा पासवर्ड लावला होता. पत्ता एक, खाती दोन. हे समजल्यावर त्यांनी विचारले, “मग इथे गूगलचे बटण असते, तर फोनमधले सगळे पासवर्ड आपोआप आले असते ना?” मी म्हटले, “नसते आले, काका. गूगलने फक्त तुम्ही तुम्हीच आहात असे सांगितले असते. फोनमधले पासवर्ड गूगलकडेच राहिले असते आणि इथे जे नवे साठवाल ते या कंपनीकडे गेले असते.” महापालिकेच्या मालमत्ता कराचे पान, बँकेचे पान, लेखापरीक्षकांना पाठवायच्या फाइलींचा दुवा, हे सगळे फोनवरच्या क्रोममध्ये होते. त्यांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता आणि अनेक सुशिक्षित माणसे तोच विचारतात.

एका कंपनीचे खाते दुसऱ्या कंपनीच्या साधनात चालणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने, म्हणजे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, २०१६ मध्ये यूपीआय आणले, तेव्हापासून पैशांच्या बाबतीत आपण हेच करत आलो आहोत. दादरच्या मंडईत मेथीची जुडी घेणाऱ्याचे खाते स्टेट बँकेत असते, अ‍ॅप गूगलचे किंवा फोनपेचे असते आणि यूपीआय पत्त्याच्या शेवटी एखाद्या तिसऱ्याच बँकेची खूण असते. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. गूगलचे अ‍ॅप २०१७ मध्ये ‘तेझ’ या नावाने इथे आले, तेव्हा त्या कंपनीला बँक काढावी लागली नाही, कारण लोकांची आधीचीच खाती तिला वापरू देण्यात आली. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून एज ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे गूगलने सुरू केलेल्या मुक्त प्रकल्पावर, उभा केला आहे आणि त्या प्रकल्पात ती स्वतःही भर घालते. ब्राउझरमध्ये प्रतिस्पर्ध्याचे इंजिन चालते, पैशांच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्याकडचे खाते चालते, मग ग्राहकाने निवडलेले प्रतिस्पर्ध्याचे खाते का चालू नये, याचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

तुलना मात्र एका ठिकाणी अडते आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. यूपीआयचा पिन टाकताना जो पडदा उघडतो तो एनपीसीआयच्या सामाईक सॉफ्टवेअरचा असतो. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला पिन कळत नाही. ब्राउझरच्या बाबतीत असा तटस्थ पडदा नाही. गूगलचे साइन-इनचे पानसुद्धा तोच ब्राउझर दाखवतो ज्यात आपण साइन-इन करत असतो. अ‍ॅपच्या पोटात उघडणाऱ्या छोट्या वेब-खिडकीतून गूगल खात्यात साइन-इन करणे बंद करण्याचा निर्णय गूगलने २०१६ मध्ये जाहीर केला, त्यामागचे एक कारण हेच होते: ज्या अ‍ॅपच्या आत पान उघडते, त्या अ‍ॅपला टाइप केलेली अक्षरे वाचता येतात. म्हणून ‘प्रतिस्पर्ध्याच्या ब्राउझरमध्ये गूगलचा पासवर्ड कशाला टाकायचा’ हा आक्षेप मला पोकळ वाटतो. जो माणूस त्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडतो, त्याने तो पासवर्ड तिथे केव्हाच टाकलेला असतो. ब्राउझरवर विश्वास नसेल तर तो वापरूच नये. खाते कोणाचे, याने त्या विश्वासात काही फरक पडत नाही.

कंपन्यांनी हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळले की काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमच्या ६९व्या आवृत्तीत जीमेलसारख्या सेवेत साइन-इन करताच ब्राउझरही त्याच खात्याने साइन-इन झालेला दिसू लागला. सिंक आपोआप सुरू होत नव्हते हे खरे, पण वापरणाऱ्याला न विचारता सीमारेषा पुसली गेली होती. सुरक्षातज्ज्ञांनी जोरदार आक्षेप घेतला आणि पुढच्याच, ७०व्या आवृत्तीत हे बंद करण्याची सोय द्यावी लागली. दुसरे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. लिनक्सवर क्रोमियम वापरणारे अनेक जण गूगल खात्याने साइन-इन करून गूगलच्याच सर्व्हरवरून सिंक करत होते. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले की ही सोय फक्त स्वतःच्या क्रोमसाठी आहे आणि १५ मार्चपासून ती इतर क्रोमियम ब्राउझरांना मिळणार नाही. सर्व्हर गूगलचे, खर्च गूगलचा, त्यामुळे हा निर्णय घेण्याचा तिचा अधिकार मी नाकारत नाही. पण ज्यांनी ओळख आणि साठवण दोन्ही एकाच कंपनीकडे सोपवली होती, त्यांच्या हातात त्या घोषणेनंतर काही उरले नाही.

यात आणखी एक पेच आहे, तो किल्लीचा. फायरफॉक्सचे सिंक असे रचलेले आहे की सामग्री आपल्या यंत्रावरच कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली आपल्या पासवर्डच्या आधारे तयार होते, म्हणून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलालाही ती सामग्री वाचता येत नाही. आता मोझिलाच्या खात्यात गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्याने शिरता येते. पण पासवर्ड गूगलच्या पानावर टाकला गेल्यामुळे मोझिलाला तो कधी कळतच नाही आणि किल्ली कशापासून बनवायची असा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे सिंक सुरू करताना स्वतंत्र पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. लोक याला कटकट म्हणतात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण ओळख उसनी चालते पण किल्ली उसनी चालत नाही, हे ती एक जादा पायरी वापरणाऱ्यासमोर उघड करते. ब्रेव्ह ब्राउझरने तर सिंकसाठी खातेच ठेवलेले नाही. शब्दांची एक लांब साखळी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली की काम होते, आणि ती साखळी जपण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

प्रतिस्पर्ध्याच्या खात्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मला वेगळाच वाटतो: सगळी दारे एकाच खात्याने उघडू लागली की ते खाते गेल्यावर सगळी एकदम बंद होतात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. त्याहून जास्त भीती मला फोन नंबरांची वाटते. या शहरात कितीतरी माणसे नोकरीतले कंपनीचे सिम आयुष्यभर वापरतात, त्याच नंबरवर खाते उघडतात आणि निवृत्तीच्या दिवशी सिम कार्यालयात जमा करतात. पुढे कधी पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच जुन्या नंबरवर जातो. म्हणून बाहेरचे खाते चालवून घेणाऱ्या प्रत्येक ब्राउझरने साइन-इनच्या वेळीच दुसरा मार्ग, म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी यंत्राच्या कुलपाने, जसे बोटाच्या ठशाने, साइन-इन करण्याची सोय), दुसरा ईमेल पत्ता किंवा छापून ठेवता येणारा कोड, जोडायला लावला पाहिजे.

आपल्याकडील डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि तिच्यासाठीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय मिळावा. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा बटणाखाली शुद्ध मराठीत असे लिहायला काहीच अडचण नसावी: “गूगल तुमची ओळख पटवील. तुमचे पासवर्ड आणि हिस्ट्री आमच्या सर्व्हरवर राहतील. क्रोममध्ये साठवलेले काहीही यामुळे इथे येणार नाही.” एवढ्या तीन वाक्यांनी आमच्या खजिनदारांचा गोंधळ झालाच नसता.

याच कायद्यातली एक उणीव मात्र मला सतत खुपते. २०१९ च्या विधेयकात आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. आज क्रोममधले पासवर्ड बाहेर काढायचे तर ते साध्या अक्षरांच्या सीएसव्ही फाइलमध्ये येतात आणि ती फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहिली, तर लॅपटॉप हाताळणाऱ्या कोणालाही वाचता येते. हे हस्तांतर कुलूपबंद स्वरूपात व्हावे म्हणून फिडो अलायन्स या साइन-इनची मानके ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मानकाचा मसुदा प्रसिद्ध केला, म्हणजे तांत्रिक वाट तयार होते आहे. प्रतिस्पर्ध्याच्या खात्याने आत येता यावे, तसेच आपले सगळे घेऊन बाहेरही पडता यावे, यासाठी तो हक्क दुरुस्ती करून कायद्यात परत आणावा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ही मागणी हाती घ्यावी आणि आपल्या खासदारांनी ती संसदेत मांडावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.