कार्कासोन: डुक्कर, घंटा आणि गाळलेलं १२०९ साल

दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनचा एक फोटो सध्या ग्रुपांमधून फिरतोय. टेकडीवर दुहेरी तट, टोकदार टोप्या घातलेले बुरूज, मागे मावळतीचा उजेड. खाली मजकूर असा: हा किल्ला कॅथार पंथीयांनी बांधला. शार्लमेन बादशहाने पाच वर्षं वेढा घातला, तेव्हा कार्कास नावाच्या राणीने शेवटचा गहू खाऊ घातलेलं डुक्कर तटावरून खाली फेकलं. ते फुटून गहू बाहेर पडलेला पाहून बादशहा हताश झाला आणि निघून गेला. राणीने घंटा वाजवल्या, ‘कार्कास सॉन’ म्हणजे ‘कार्कास घंटा वाजवते आहे’, आणि गावाला नाव मिळालं. किल्ला अजिंक्य राहिला आणि आजही जसाच्या तसा आहे.

पन्नास हजारांच्या आत वस्ती असलेल्या या गावाचा खरा इतिहास या मजकुरात बसवायला जागाच उरलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी नावाचं बघू. इ.स. ३३३ मध्ये बोर्दोहून जेरुसलेमला निघालेल्या एका यात्रेकरूने वाटेतल्या मुक्कामांची यादी करून ठेवली. तीत कार्कासोनचा उल्लेख ‘गढी’ म्हणून आहे. त्याच्याही आधी, पहिल्या शतकात, रोमन लेखक प्लिनीला हे नाव माहीत होतं. शार्लमेन आठव्या शतकातला. म्हणजे तो जन्मला तेव्हा या नावाला सातशे वर्षं होत आली होती.

वेढ्याचंही तेच. ७२५ च्या सुमारास अरब फौजांनी हे ठाणं घेतलं होतं हे खरं, पण त्यांना या प्रदेशातून हटवलं ते शार्लमेनच्या बापाने, पेपँ राजाने, ७५९ पर्यंत. मुलगा गादीवर आला ७६८ साली, तेव्हा वेढा घालायला इथे शत्रूच नव्हता. शिवाय कथेतली राणी मुसलमान राजाची विधवा, आणि तिला वाचवणारं जनावर डुक्कर! ऑस्ट्रियातल्या होकोस्टरविट्झ गडावर हीच गोष्ट बैलाची म्हणून सांगतात. वेढ्यात अडकलेल्या माणसांना अशा गोष्टी हव्याच असतात, त्यात वावगं काही नाही. नार्बोन वेशीपाशी कार्कासबाईचा दगडी अर्धपुतळा आहे, तो पुरावा म्हणून दाखवतात. मूळ पुतळा सोळाव्या शतकातला. झिजलेला तो पुतळा आत बालेकिल्ल्यात ठेवलाय, आणि वेशीवर उभी आहे ती त्याची नक्कल.

आता ‘अजिंक्य’. किल्ला म्हटला की हे विशेषण आपल्या हातून आपोआप लिहिलं जातं. पण १२०९ चा ऑगस्ट विसरायचा कसा? चर्चने पाखंडी ठरवलेला कॅथार हा ख्रिस्ती पंथ मोडून काढण्यासाठी पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाची फौज २२ जुलैला बेझिये शहराची कत्तल करून इथे आली आणि १ ऑगस्टला वेढा पडला. आजूबाजूच्या गावांतली माणसं जीव वाचवायला तटाच्या आत शिरलेली, ऊन रणरणतं, ओद नदीकडची वाट शत्रूने तोडलेली, विहिरी आटलेल्या. पंधरा दिवसांत किल्ला शरण गेला. वाटाघाटींसाठी बाहेर आलेल्या रेमों-रोजे त्रांकावेल या किल्ल्याच्या तरुण सरदाराला कैद केलं, आणि नोव्हेंबरात तो कैदेतच मेला. वय चोवीस. लोकांचे जीव वाचले, पण अंगावरच्या कपड्यांनिशी सगळ्यांना घरंदारं सोडून जावं लागलं. किल्ला धर्मयुद्धाच्या फौजेतल्या सिमों द माँफोर या सरदाराला मिळाला. इथे कुणी डुक्कर फेकलं नाही आणि घंटाही वाजल्या नाहीत. या माणसांना गाळून ‘अजिंक्य’ लिहिलेलं मला खरोखर सहन होत नाही.

आणि कॅथारांनी बांधला म्हणे! कॅथार हा पंथ होता, राज्य नव्हे. किल्ले बांधणं त्यांचं कामच नव्हतं. आतला बालेकिल्ला बाराव्या शतकात त्रांकावेल घराण्याने उभारला. हे सरदार कॅथलिकच, फक्त कॅथारांना त्रास न देणारे. फोटोत जे डोळ्यात भरतं ते मात्र त्यांना हरवणाऱ्या फ्रेंच राजांचं काम आहे. १२४० मध्ये त्रांकावेलच्या मुलाने किल्ला परत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. तटाखालच्या पेठांमधल्या लोकांनी त्याला साथ दिली होती, म्हणून त्या पेठा पाडल्या. नवव्या लुईने १२४७ मध्ये त्या लोकांना नदीपलीकडे वसायची परवानगी दिली. आजचं खालचं गाव, सरळ काटकोनी गल्ल्यांचं, ते हेच. याच लुईच्या काळात बाहेरचा तट उठला आणि त्याचा मुलगा तिसरा फिलिप याने आतला तट नव्याने मजबूत करून नार्बोन वेस बांधली. हरलेल्यांच्या नावावर जिंकणाऱ्यांची तटबंदी खपवली जाते आहे.

‘जसाच्या तसा’ तर मुळीच नाही. १६५९ च्या तहाने स्पेनची सरहद्द पिरनीज डोंगरापर्यंत मागे सरकली आणि किल्ल्याचं लष्करी काम संपलं. दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात गरीब विणकरांच्या झोपड्या झाल्या, चिरे बांधकामाला जाऊ लागले. १८५० मध्ये सरकारने लष्करी ठाण्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं, म्हणजे पाडायला मोकळीक. गावातलाच इतिहास-अभ्यासक क्रो-मेरव्हिएय याने आधीपासून आवाज उठवला होता, स्मारकांचा निरीक्षक मेरिमे त्याच्या बाजूने होता. निर्णय मागे घ्यावा लागला आणि १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने तटांची डागडुजी हाती घेतली. तो १८७९ मध्ये गेला, काम पुढे १९१० पर्यंत चाललं. फोटोतल्या बुरुजांवरच्या काळ्या पाटीच्या दगडाच्या टोप्या त्याच्याच. या बाजूला छपरं लालसर कौलांची असतात, म्हणून त्याच्यावर तेव्हाही टीका झाली. पुढे काही बुरुजांवर परत कौलं चढवली गेली. त्याची चूक झाली असं मलाही वाटतं. पण तो आणि तो गावकरी नसते तर आज फोटो काढायला तट उरला नसता.

म्हणून ‘सगळंच एकोणिसाव्या शतकातलं नकली’ हे दुसरं टोकही चूकच. आतल्या तटाजवळ उभं राहून खालून वर बघा. बारीक दगडांच्या थरांत मधूनच लाल विटांचा पट्टा दिसला तर ते रोमन काम. मधोमध फुगीर ठेवलेले मोठे चिरे म्हणजे फिलिपचे गवंडी. नंतरची बरीचशी डागडुजी वर आहे, चर्या आणि छपरांत.