२८८ चा कॅम आणि ६० चा थ्रॉटल: इंदूरमध्ये फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

इंदूरमधल्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला फिरतोय. थोडक्यात तो असा: "रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी इंजिन बांधायचं असेल तर मिळेल तो सर्वांत मोठा कॅम घ्या, निदान २८८ डिग्रीचा. थ्रॉटल बॉडी ६० मिमीची बसवा, कारण माळव्यावरची हवा पातळ आहे. आयडलला गाडी थरथरली की समजा ताकद आली. ईसीयू आपोआप शिकून घेतो. आणि पैसे असतील तर थेट चार थ्रॉटल लावा, ३० अश्वशक्ती कुठे गेली नाही." माझ्या मामेभावाने रामबागेतून हा मजकूर मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, ऑर्डर टाकू का?" त्याच्याकडे जुनी एस्टीम आहे: १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एकच कॅम, कंपनीने सांगितलेली ताकद ८५ अश्वशक्ती. रोज तीच गाडी ऑफिसला जाते आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहितोय, कारण या सल्ल्यापायी चांगल्या गाड्यांची वाट लागलेली मी पाहिली आहे.

आधी २८८ चं बघू. कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमीट करणारा फिरता दांडा, आणि त्याच्यावरचा व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा म्हणजे लोब. हा आकडा म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, अंशांत. पण मोजणी कुठून सुरू करायची यावर आकडा बदलतो. एक कंपनी व्हॉल्व्ह जेमतेम हलला की मोजायला लागते, दुसरी तो १ मिमी उचलला गेल्यावर. त्यामुळे एकाचा २६८ दुसऱ्याच्या २८० पेक्षा प्रत्यक्षात मोठा निघू शकतो. लिफ्टचंही तसंच. लोबची उचल वेगळी, व्हॉल्व्हची वेगळी. मध्ये रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा तुकडा) असला की त्याच्या गुणोत्तराने फरक पडतो. कॅम विकणाऱ्याकडे १ मिमीवरचं माप मागा. ते देता येत नसेल तर त्याच्याकडून कॅम घेऊच नका.

मोठ्या कॅमने इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर यायला लागला तरी ती घुसत राहते, म्हणून तिथे हा उशीर फायद्याचा. ३००० ला हवेत तेवढा जोर नसतो. वर येणारा पिस्टन भरलेल्या हवेतली काही उलटी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलून देतो. कॉम्प्रेशन कागदावर होतं तेवढंच राहतं, पण सिलिंडरमध्ये दाबायला हवाच कमी उरते. मोठ्या कॅमसोबत कॉम्प्रेशन वाढवावं लागतं ते यासाठी. नुसता कॅम बदलला तर पलासियाच्या सिग्नलवरून गाडी उठायला मागत नाही, आणि मालक म्हणतो, "पिकअप कुठे गेला?"

"पण ट्रॅकवर तर फायदा आहे ना?" हे भावानेही विचारलं. हिशेब करू. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचं १.२८ धरा. ६५०० ला गिअर बदलला की इंजिन साधारण ४४०० वर येतं. म्हणजे ट्रॅकवरही या इंजिनाचं आयुष्य ४४०० ते ६५०० मध्ये जातं. जो कॅम ५००० नंतर जागा होतो तो प्रत्येक गिअर बदलल्यावर आधी झोपेतच असणार. त्याचा फायदा घ्यायचा तर इंजिन ७५०० च्या पुढे न्यावं लागेल. त्याला जास्त कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग हव्यात, नाहीतर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे न राहता तरंगायला लागतात. त्याशिवाय ते आरपीएम सोसणारे रॉड आणि बेअरिंग हवेत, जवळजवळच्या गुणोत्तरांचा गिअरबॉक्स हवा. सल्ल्यात यातलं काहीही नाही. कॅमच्या कॅटलॉगात डिग्रीपुढे आरपीएमचा पट्टा छापलेला असतो, निवड त्यावरून करायची. आपलं इंजिन खरोखर किती ते किती आरपीएममध्ये फिरतं हे आधी लिहून काढा, मग तो पट्टा बघा.

एका लोबमध्ये खालचं आणि वरचं दोन्ही बसत असतं तर होंडाला १९८९ मध्ये व्हीटेक आणण्याची गरज पडली नसती. एकाच कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे लोब, खाली सौम्य आणि वर आक्रमक, ही सगळी खटपट याच अडचणीसाठी होती.

थरथरीबद्दल फार लिहायची गरज नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याला ओव्हरलॅप म्हणतात. दोन्हींचा कालावधी २८० आणि लोबमधलं अंतर कॅमचे १०८ अंश, म्हणजे क्रँकचे २१६ असेल, तर २८० वजा २१६, म्हणजे ६४ अंश ओव्हरलॅप. २४० आणि ११० असेल तर फक्त २०. आयडलला या वेळात जळलेला वायू परत इनटेकमध्ये शिरतो, ताजी हवा नासते, एखादा फायर चुकतो. ती थरथर ही. त्यातून ताकद येत नाही, पीयूसीच्या नळीत हायड्रोकार्बन मात्र वाढतात. शिवाय मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम पडतं आणि ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडलचा जोर वाढवणारा डबा, त्याच व्हॅक्यूमवर चालतो. सिमरोलचा घाट गिअरमध्ये उतरताना ते भरून निघतं, पण राजवाड्याच्या गर्दीत दर चार फुटांवर ब्रेक दाबताना तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल दगडासारखं होतं. जीवावर बेतणारी गोष्ट आहे ही. आणि एस्टीमसारख्या एकाच कॅमच्या इंजिनात लोबमधलं अंतर घडवतानाच ठरून गेलेलं असतं. ॲडजस्टेबल पुलीने दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र मागेपुढे होतात, ओव्हरलॅप तेवढाच राहतो.

आता थ्रॉटल, म्हणजे पेडल दाबल्यावर इंजिनात हवा सोडणारी झडप. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो मोजून दहा मिनिटांत निकाली निघतो. १२९८ सीसीचं इंजिन ६५०० ला पूर्ण भरलं तरी सेकंदाला साधारण ७० लिटर हवा ओढतं. उदाहरणाला थ्रॉटलचं तोंड ४६ मिमी धरा: त्यातून हवा सेकंदाला ४२ मीटरने जाते. त्या वेगापायी दाबात घट येते ती सुमारे १ किलोपास्कल. ५२ चं तोंड केलं तर वेग ३३ वर येतो आणि वाचतो अर्ध्याहून कमी किलोपास्कल. ८५ अश्वशक्तीच्या इंजिनावर त्याची किंमत अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास. ८००० आरपीएमला हीच घट दीडपट होते, तेव्हा तिथे पोहोचणाऱ्या इंजिनासाठी मोठं तोंड खरंच कामाचं. आपलं इंजिन तिथे जात नाही.

"पण पातळ हवा?" इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा १४ टक्क्यांनी कमी भरते, हे खरं आहे. पण भोक मोठं केल्याने हवा दाट होत नाही. उलट पातळ हवेला त्याच तोंडातून जाताना अडथळा कमी होतो.

मग मोठं थ्रॉटल लावलेली गाडी चालवून सगळे खूश का होतात? त्याच कोनात उघडलेली मोठी झडप जास्त जागा मोकळी करते. ४६ च्या जागी ५२ आलं की अठ्ठावीस टक्के जास्त. पाव पेडलवर गाडी पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यासारखी उडी घेते. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र तीच गाडी, तेवढीच ताकद. वर ट्रॅकच्या वळणातून बाहेर पडताना हलक्या पायाने गाडी सांभाळणं अवघड होऊन बसतं.

भावाला मी लॅपटॉप घेऊन बोलावलं. पहाटे पीथमपूरच्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून मॅप सेन्सरचं, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग किलोपास्कलमध्ये नोंदवलं. इंजिन बंद असताना ९५. ६००० च्या पुढे, पूर्ण थ्रॉटलवर, ९३. एअर फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल सगळं मिळून २ किलोपास्कल. फिल्टरचा डबा उघडा ठेवून पुन्हा घेतलं तर ९४ आलं. म्हणजे एकूण अडथळ्यातला अर्धा फिल्टरचा निघाला. तो स्वच्छ केला, थ्रॉटल होता तिथेच राहिला.

ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला संगणक, शिकून घेतो, हा समज कुठून आला ते कळतं, कारण अर्ध्या पेडलवर तो ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमीजास्त करतोच. पण मोठ्या ओव्हरलॅपमुळे न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला तिथे ऑक्सिजन दिसतो, आणि ईसीयू पेट्रोल कमी पडतंय समजून आणखी ओततो. प्लग काळे होतात. पूर्ण थ्रॉटलवर मात्र असे जुने ईसीयू सेन्सरकडे बघतच नाहीत, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे चालतात. कॅमने जिथे हवा वाढवली तिथेच पेट्रोल कमी पडतं, म्हणजे सर्वांत जास्त ताण असताना. रिमॅप (ईसीयूतला तक्ता नव्याने भरणं) आणि वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) नसेल तर कॅमला हात लावू नका.

चार थ्रॉटलविषयी मला प्रेमच आहे, हे आधी सांगतो. टोयोटाने वीस व्हॉल्व्हच्या ४ए-जीईला आणि बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ ला कारखान्यातूनच ते दिले. प्रत्येक सिलिंडरचा मार्ग वेगळा, त्यामुळे मोठ्या कॅमची उलटी हवा शेजारच्याचं बिघडवत नाही आणि पायाला उत्तर तत्काळ मिळतं. पण त्या दोन्ही इंजिनांत कॅमचं टायमिंग चालताना बदलण्याचीही सोय होती. साध्या कॅमवर नुसते चार थ्रॉटल लावून ३० अश्वशक्ती येत नाही. शिवाय मॅनिफोल्डचा दाब आता इतका उडतो की पेट्रोल बहुधा थ्रॉटलच्या झडपेच्या कोनावर मोजावं लागतं. असं ट्यूनिंग इंदूरला ९५ किलोपास्कलवर करून गाडी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर नेली, तर तिथे हवा सहा टक्के जास्त आणि पेट्रोल इथल्याइतकंच. बाहेरच्या दाबाची वेगळी दुरुस्ती ईसीयूत नसेल तर पिस्टन जळायला एक सेशन पुरेसं.

एक गोष्ट सल्ल्यात अजिबात नाही: उघडलेला व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली मोकळी जागा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे दुहेरी कॅमचं १६०० सीसी इंजिन आलं. दुसऱ्या वर्कशॉपने मोठे कॅम बसवले होते, त्याआधी हेड घासलेलं होतं, आणि मोजलं कोणीच नव्हतं. पिस्टनवर प्लास्टिसिनचा थर दिला, वर तेलाचं बोट फिरवलं, हेड बसवून हाताने दोन फेरे फिरवले, परत उघडलं. ब्लेडने थर कापला तर इनटेकच्या खुणेखाली ०.७ मिमी. निदान दीड तरी हवा. त्या इंजिनाचा बेल्ट एक दात घसरला असता तर आठही इनटेक व्हॉल्व्ह गेले असते.

भावाने ६० मिमीची ऑर्डर टाकली नाही. ३५०० ते ६८०० पट्ट्याचा सौम्य कॅम, स्प्रिंग, नवा टायमिंग बेल्ट आणि रिमॅप एवढं ठरलंय. हेड पुढच्या रविवारी उतरेल. भाचीच्या दप्तरातून प्लास्टिसिन त्याने आजच मागून आणलं.