तांबी बसवल्यावरच्या पहिल्या तीन पाळ्या
तांबीवरच्या (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) एका लेखात ‘सुरुवातीला रक्तस्राव थोडा वाढू शकतो’ एवढंच एक वाक्य आहे. त्या ‘थोडा’बद्दल लिहायचंय.

धाकटी सहा महिन्यांची असताना मी तांबी बसवून घेतली, तांब्याची, ‘३८० ए’ प्रकारची, १० वर्षं चालणारी. बसवायला पाच मिनिटं लागली, एक जोराची कळ आली आणि झालं. पण पुढच्या तीन पाळ्या! दर दोन तासांनी पॅड बदलत होते. ऑफिसात खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून बघायचे. सासूबाई म्हणाल्या, “एवढं अंगावरून जातंय, काढून टाक बाई.” बसवतानाच कुणी नीट सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. चौथ्या महिन्यापासून कमी होत गेलं. आज पाच वर्षं झाली, रोज गोळीची आठवण ठेवावी लागत नाही, याचं मला फार मोल आहे.

हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर हार्मोनच्या तांबीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, तिने पाळी उलट कमी जाते. महाग आहे, तांब्याची मात्र सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात.

तांबी छातीत चढते असं अजूनही बायका एकमेकींना सांगतात. गर्भाशयातून छातीकडे वाटच नाही. क्वचित ती गर्भाशयाबाहेर पोटात जाऊ शकते किंवा नकळत पडून जाते, म्हणून पाळीनंतर योनीत तांबीचा दोरा बोटाला लागतो का बघायचं. लागला नाही तर सोनोग्राफी करून घ्या, आणि तोवर निरोध वापरा.